रिमोटची जीप आणि जांभ्याची पायरी

बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रोडच्या अंगाला, चिऱ्याच्या जुन्या खाणी आहेत. चिरे कापून नेल्यावर मागे पायऱ्या उरतात. त्यातल्या एका चौदा सेंटीमीटरच्या पायरीवर गेल्या दिवाळीत माझी रिमोटची जीप अकरा वेळा उताणी पडली. मोजणी माझी नव्हे, मामांच्या नातवाची. बाराव्या वेळेला तो म्हणाला, "काका, ही फक्त यूट्यूबवर चढते काय?" आणि आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसला.

मंडळी, ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रिमोटच्या गाड्या म्हटलं की सुसाट पळणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. रॉक क्रॉलर त्याच्या अगदी उलट. माणसाच्या चालीनं, कधी त्याहूनही हळू, ती दगडांवरून चढते. मूळ खेळ खऱ्या जीपचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर १९५३ साली पहिली जीप जंबोरी भरली, तिथून तो वाढला. टामिया कंपनीचा क्लॉड बस्टर नावाचा रिमोटचा ट्रक १९८७ साली आला. पुढं हौशी लोकांनी त्यात फेरफार करून तो दगडांवर चढवायला सुरुवात केली. आता १/१० मापाच्या तयार क्रॉलर मिळतात. माझी त्यातलीच, वजन बॅटरीसकट तीन किलो, पुढं-मागं अखंड ॲक्सल, चारही चाकांना ताकद.

चूक माझीच होती. निपाणीत घराजवळ, तवंदी घाटाच्या पायथ्याच्या काळ्या दगडांवर गाडी डुलायची. डुलते म्हणजे ढिली आहे असं मी ठरवलं. कडक स्प्रिंगा मागवल्या, शॉकअपमध्ये साठ वेटचं जाड तेल भरलं. व्हिडिओत गाडी एकदम खऱ्या जीपसारखी भारदस्त दिसायला लागली. याला कारणही आहे. गाडी दहापट लहान केली की तिचा झोका साधारण तिपटीनं जलद होतो (दहाचं वर्गमूळ ३.१६), म्हणून लहान गाडी नेहमी टुणटुण उडाल्यासारखी दिसते. जाड तेलानं ते लपतं. पण दिसणं वेगळं आणि चढणं वेगळं, हे जांभ्यावर कळलं.

संध्याकाळी मामांच्या अंगणात गाडी टेबलावर ठेवली. मी मोबाइलवर नवीन शॉकअपचा महागडा सेट शोधत होतो. मामांची हयात उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कामात गेलेली. त्यांनी गाडीचा एक शॉकअप काढला, स्प्रिंग उतरवली, दांडा चार वेळा आत-बाहेर केला आणि कानाला लावला.

"एअर धरलंय की रे ह्यात. ऐक. पुचपुच वाजतंय."

खरंच वाजत होतं. तेलात बुडबुडे असले की दांडा आधी हवा दाबतो, मग तेल. सुरुवातीला रोध नसतो आणि मधेच एकदम येतो. त्यात चारही शॉकअपमध्ये हवा सारखी नव्हती, म्हणजे चार चाकं चार तऱ्हेनं वागत होती. मामांनी पुढचा प्रश्न विचारला, "सील कसल्या रबराचं हाय?" म्हणजे त्यांच्याकडचं हायड्रॉलिक तेल चालेल का. नाही चालणार, या गाडीत सिलिकॉन रबराच्या ओ-रिंगा आहेत, खनिज तेलानं त्या फुगतात. सिलिकॉन तेलच हवं. माझ्याकडे तीस वेटची बाटली शिल्लक होती, साधारण ३५० सेंटीस्टोकची. (कंपन्यांचे 'वेट' एकमेकांशी जुळत नाहीत, बाटलीवरचा सेंटीस्टोकचा आकडा बघावा.)

तेल भरण्याची मामांची पद्धत अशी. दांडा पूर्ण बाहेर, नळी उभी, काठापर्यंत तेल. मग दांडा हळूहळू वर-खाली करायचा. घाई केली की नवे बुडबुडे तयार होतात. चहा होईपर्यंत तसंच उभं ठेवायचं. बुडबुडे वर येऊन फुटले की दांडा अर्धा आत घेऊन टोपण लावायचं, जादा तेल बाहेर सांडू द्यायचं. दांडा आत शिरतो तेव्हा तो स्वतःच्या आकाराएवढी जागा खातो, तेवढी मोकळीक आत लागतेच. स्प्रिंग न लावता दांडा आत ढकलून सोडला आणि तो आपोआप बाहेर आला, तर तेल जास्त झालं.

स्प्रिंगांचं गणित मात्र मी केलं. मामींचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला, स्प्रिंग त्यावर उभी धरून १० मिलिमीटर दाबली. कडक स्प्रिंगनं ८०० ग्रॅम दाखवले, गाडीबरोबर आलेल्या मूळ स्प्रिंगनं ३००. ॲक्सल आणि चाकं वगळता प्रत्येक कोपऱ्यावर वजन येतं साधारण ४०० ग्रॅम. म्हणजे कडक स्प्रिंगवर गाडी जेमतेम ४-५ मिलिमीटर बसणार, मूळ स्प्रिंगवर १३.

आता या आकड्याचा पायरीशी काय संबंध? शॉकअपची एकूण चाल ३० मिलिमीटर. गाडी उभी असताना त्यातली ४ मिलिमीटर बसली असेल, तर खड्डा आल्यावर चाक खाली उतरायला फक्त ४ मिलिमीटर शिल्लक. त्याहून खोल खड्डा आला की चाक लोंबकळतं. एक चाक हवेत गेलं की त्याचा भार उरलेल्या तीन चाकांवर सरकतो, गाडी तिरकी होते आणि पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. स्प्रिंग गचके खाण्यासाठी असते हे आपल्याला बाइकमुळे वाटतं. क्रॉलर गचके खाण्याइतकी पळतच नाही. तिची स्प्रिंग चाकाला खाली पाठवण्यासाठी असते, म्हणून एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत गाडी बसलेली बरी. जाड तेलाचा दोषही इथंच कळतो. खड्डा येतो, पण चाक खाली पोचायच्या आत गाडी पुढं सरकलेली असते.

आणखी एक गैरसमज माझाही होता. शॉकअपवरची फिरकी आवळली की स्प्रिंग कडक होते, असं मी धरून चाललो होतो. होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, गाडी फक्त उचलली जाते आणि चाकाची खाली जायची चाल तेवढी कमी होते. स्प्रिंग न बदलता गाडी मऊ करायची तर शॉकअप वरच्या टोकाला आतल्या भोकात लावून तिरका करावा. याला पैसे पडत नाहीत.

रात्री जेवणानंतर गाडी जुळवली. पुढं मूळ मऊ स्प्रिंगा. मागं त्याहून जराशा कडक, कारण चढावर भार मागं जातो. मागची बाजू फार दबली की नाक वर उठतं आणि गाडी पाठीवर पडते. माझ्या अकरा पालथ्यांत हाही हात होता. मागच्या चाकांवर बॅटरीचं वजन ठेवलं होतं. बॅटरी पुढं सरकवली. दोन्ही ॲक्सल वजनकाट्यावर एकेक करून मोजले, तेव्हा पुढं जवळपास साठ टक्के भार आला. थ्रॉटल दिला की गाडी एका अंगाला कलते, फिरत्या शाफ्टचा पीळ चेसिसला बसतो म्हणून. त्या बाजूची मागची फिरकी एक आटा आवळली. एवढ्याचसाठी तिचा उपयोग.

सकाळी परत खाणीवर गेलो. नातू यायला तयार नव्हता, आजोबा येतायत म्हटल्यावर आला. खाणीच्या कडेपासून मुलांना लांब ठेवावं हे सांगायला नको. पावसाळ्यानंतर खालच्या खड्ड्यांत पाणी असतं.

पहिल्यांदा पुढची चाकं पायरीवर टेकली आणि गाडी मागं घसरली, पण पडली नाही. दुसऱ्यांदा मामा म्हणाले, "सरळ नको, जरा वाकडी घाल. एक चाक आधी चढू दे." मी थोडी तिरपी घातली. डावं पुढचं चाक चढलं, उजवं खाली राहून जांभ्याच्या खरखरीत भिंतीला धरून राहिलं, गाडी चांगलीच पिळली आणि चारही चाकं दगडावरच होती. मग उजवं वर आलं. मागची बाजू चढताना काही सेकंद गाडी अडून राहिली. नातू ओरडला, "दे की काका, दे!" आणि ती चढली.

त्यानंतर रिमोट माझ्या हातात परत आला नाही. उतरताना अजून ती नाकावर पडते. पुढच्या स्प्रिंगा उतारावर जास्त दबतात. पुढच्या शॉकअपमध्ये चाळीस वेटचं तेल घालून बघायचं ठरलंय. ते भरण्याचं काम नातवानं स्वतःकडे घेतलंय आणि चहा होईपर्यंत थांबायचं हे त्याला पाठ आहे.