पुस्तकांच्या खणातली शेगडी

एका वाचकाने विचारलंय: हॉलमधल्या ५५ इंची टीव्हीला जोडायला गेमिंगचा कॉम्प्युटर घरीच जुळवतोय. तो पुस्तकांच्या खणात बसला पाहिजे, गेम ४के-मध्ये खेळता आले पाहिजेत आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या आजीला त्याची घरघर ऐकू येता कामा नये. तर पंखा कुठला घेऊ?

पंख्यापासून सुरुवात करणारे बहुतेक जण शेवटी पंख्यालाच शिव्या देतात. आत जेवढी उष्णता तयार होते तेवढी बाहेर लोटायची, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. कॉम्प्युटर ना पाणी उपसतो ना पीठ दळतो. घेतलेली वीज जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. २०२५ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच ५७५ वॉटपर्यंत वीज खातं. अशी दोन कार्डं म्हणजे घरातली इस्त्री. ती पुस्तकांमध्ये ठेवायची आणि वर आवाजही नको!

एवढी वीज लागते कशाला? ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडीच्या बरोबर चौपट. सेकंदाला ६० चित्रं धरली तर दर सेकंदाला जवळपास ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा.

आता जरा टेप घेऊन सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर मोजा. आपण तीन मीटर, म्हणजे दहा फूट धरू. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ६/६ ठरलेली नजर साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनातले दोन ठिपके वेगळे ओळखते. तीन मीटरवर हे अंतर होतं ०.८७ मिलिमीटर. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा ठिपका असतो ०.६३ मिलिमीटरचा आणि ४के-चा त्याच्या निम्मा. थोडक्यात, जो तपशील रंगवायला अर्ध्या इस्त्रीएवढी वीज जाळायची, तो सोफ्यावरून बहुतेकांना दिसतच नाही. काहींची नजर ६/६ पेक्षा तीक्ष्ण असते आणि हलत्या चित्रातल्या कडांची चुळबुळ जास्त जाणवते, हे खरं. पण गेम आतल्या आत २५६० गुणिले १४४० मध्ये रंगवायचा आणि डीएलएसएस-सारख्या युक्तीने ४के-पर्यंत ताणायचा, यात फसवणूक झाल्याचं सोफ्यावर कुणाला कळणार नाही. जाहिरातीतल्या ८के-बद्दल तर न बोललेलंच बरं.

म्हणून माझं मत २५० वॉटच्या आरटीएक्स ५०७० ला. त्यातही आणखी काटकसर करता येते. चिपमध्ये जळणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के आणि वेग ५ टक्के उतरवला, तर ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९५, म्हणजे कागदावर २३ टक्के वीज वाचली. अडीचशेचं कार्ड दोनशेच्या आत आलं आणि खेळणाऱ्याला फरक जाणवलाही नाही. कारखाना घाण्यातल्या सगळ्यात दुबळ्या चिपलाही चालेल असं व्होल्टेज ठेवतो, त्यामुळे बहुतेक कार्डांत ही ढील असतेच. ती थोडीथोडी काढायची. गेम बंद पडला की एक पायरी परत वर.

उरलेले दोनशे वॉट नखाएवढ्या चिपमधून उचलून कुलरच्या पत्र्यांपर्यंत न्यायचे कसे, हा माझा लाडका भाग. कुलरमध्ये दिसणाऱ्या तांब्याच्या जाड काड्या भरीव वाटतात, पण आतून पोकळ असतात. हवा काढून घेऊन आत चमचाभराहूनही कमी पाणी कोंडलेलं असतं. कुकरमध्ये दाब वाढवून आपण पाणी शंभर अंशांच्या वर उकळवतो. इथे बरोबर उलटं, दाब इतका कमी की पाणी चाळीस-पन्नास अंशांनाच उकळतं. चिपपाशी वाफ होते, पत्र्यांपाशी तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या अंगाला असलेली सच्छिद्र वात ते पाणी कंदिलातल्या रॉकेलसारखं ओढून परत चिपपाशी आणते. हिशेब तर मोठा गमतीचा आहे: दोनशे वॉट वाहून न्यायला सेकंदाला ०.०९ ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. जेमतेम दोन थेंब! माठ ज्या गुणावर गार होतो, तोच हा गुण.

या नळीचं श्रेय नेहमी लॉस अलामोसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांना दिलं जातं. १९६३ मध्ये अंतराळातल्या वीजसंचांसाठी त्यांनी ही नळी बनवली आणि 'हीट पाइप' हे नाव रूढ केलं. पण जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांना वातीच्या याच कल्पनेचं पेटंट १९४४ मध्येच मिळालं होतं, तेही कशासाठी, तर फ्रिजसाठी. कंपनीला गरज वाटली नाही, कागद फायलीत पडून राहिले. पुढे अलास्कातल्या तेलवाहिनीच्या खांबांत, खालची गोठलेली जमीन वितळू नये म्हणून, वाफेवर चालणाऱ्या अशा लाखाहून अधिक नळ्या बसवल्या. तिथे पाण्याऐवजी अमोनिया. गॉगलर यांचं नाव मात्र तुमच्या कुलरच्या खोक्यावर सापडणार नाही.

वॉटर कुलिंगच्या मोहात मी पडणार नाही. पाण्याने नेलेली उष्णता शेवटी पंख्यानेच उडवायची असते, वर पंपाची भुणभुण वेगळी. मदरबोर्ड १७ सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स, प्रोसेसर ६५ वॉटचा रायझन ५ पुरे. ४के-त खरा घाम कार्डालाच येतो. पॉवर सप्लाय छोट्या एसएफएक्स मापाचा, गरजेपेक्षा ऐसपैस. त्यावरचा '८० प्लस गोल्ड'चा शिक्का विजेची बचत सांगतो, शांततेची हमी देत नाही. गेमला ६० चित्रांची मर्यादाही घाला. नाहीतर मेन्यूच्या पडद्यावर कार्ड सेकंदाला शेकड्यांनी चित्रं काढत बसतं आणि त्यातली वेटोळी चिरचिरायला लागतात. ती चिरचिर कुठलाच पंखा थांबवू शकत नाही.

आता पंखा. छताचा पंखा हळू फिरूनही खोलीभर वारा देतो. हेअर ड्रायरमधला एवढासा पंखा किंचाळतो. फेरे निम्मे केले तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा मावेल असंच खोकं घ्या, दोन लिटर मोठं झालं तरी चालेल. परदेशी परीक्षणांतले आकडे विशीतल्या तापमानाच्या खोलीतले असतात, हेही ध्यानात असू द्या. कुलर चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. पुण्यातल्या जानेवारीत ६२ अंशांवर असणारी चिप अकोल्यातल्या मे महिन्यात, पंखा तेवढाच फिरत असेल तर, ८० गाठते.

माझा स्वतःचा कॉम्प्युटर पहिल्या दिवशी कपाटात ठेवला आणि वीस मिनिटांत तो शिट्ट्या मारायला लागला. बाहेर टाकलेली गरम हवाच तो पुन्हा आत ओढत होता. तेव्हा पंख्याची ऑर्डर देण्याआधी सुताराला बोलवा आणि त्या खणाची मागची फळी काढून घ्या.