स्वल्पविरामाने वाढवलेली वर्गणी

मॉन्ट्रियलच्या फ्रेंच दुकानात साडेबारा डॉलर किंमत १२,५० अशी लिहितात. टोरॉंटोत तीच १२.५०. फ्रेंचमध्ये दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम, इंग्रजीत टिंब. नवा माणूस आठवड्याभरात दोन्हींना सरावतो. सरावत नाही तो संगणक.

आमच्या मंडळींनी गणपतीच्या वर्गणीचा हिशेब संगणकावर घेतला. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा हुशार. पण १,२५० सारख्या रकमा नीट वाचल्या जाव्यात म्हणून त्याने आधी सगळे स्वल्पविराम पुसून टाकले. झाले! मॉन्ट्रियलच्या एका कुटुंबाचे १२,५० डॉलर १२५० झाले. खजिनदार खूश. चूक ध्यानात आली तोवर मोठ्या हॉलची आगाऊ रक्कम भरून झाली होती, आणि ती काही परत मिळाली नाही.

स्वल्पविराम ठेवला असता तर? पायथन भाषा १२,५० पाहताच चूक दाखवून थांबते. जावास्क्रिप्टचे पार्सफ्लोट मात्र स्वल्पविरामापाशी वाचणे सोडते आणि गुपचूप १२ हाती ठेवते. मला विचाराल तर थांबणारी भाषा बरी.

फ्रेंच रीतीत हजारांपुढे मोकळी जागा असते: १ २५०,७५. ही जागा पुष्कळदा साधी नसते, ओळीच्या शेवटी आकडा तुटू नये म्हणून घातलेले निराळे अक्षर असते. फक्त साधी जागा पुसणारा प्रोग्रॅम तिथे अडतो. आपले १,२५,००० ही तीन-तीन अंकांचाच गट मानणाऱ्या प्रोग्रॅमला चुकीचे वाटते.

खरी गोम १,२५० मध्ये आहे. इंग्रजी रीतीने ते साडेबाराशे, फ्रेंच रीतीने सव्वा. नुसत्या आकड्यावरून कोणता अर्थ, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही! वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही २००३ साली टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही ग्राह्य धरले. अंकांचे गट पाडायला मात्र फक्त मोकळी जागा ठेवली. तेव्हा आकडा कोणत्या रीतीने लिहिला आहे हे लिहिणाऱ्यालाच विचारायचे, त्या रीतीने वाचायचे, आणि आत एकाच रूपात साठवायचे. अंदाज बांधू नये.

त्या मुलाने आता डॉलर आणि सेंट यांचे दोन वेगळे रकाने केले आहेत. खजिनदार तरीही शेजारी वही उघडी ठेवून बसतात.