डबे वाढले, काटा गेला

आमच्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी यंदा दवाखाना बंद केला. त्याच गाळ्यात आता पाळीव प्राण्यांचं दुकान आहे आणि भिंतभर सांध्यांची सप्लिमेंट्स लागली आहेत: भुकट्या, गोळ्या, चघळायच्या वड्या. डॉक्टरांचा जमिनीलगतचा वजनकाटा भंगारात गेला. ते मला फार लागलं.

या डब्यांचा आधीचा इतिहास थोडक्यात आटोपते. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून बनतं, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेतून काढतात. नव्वदीच्या दशकात अमेरिकेत या जोडीचा बोलबाला झाला. १९९७ साली जेसन थिओडोसाकिस यांचं ‘द आर्थ्रायटिस क्युअर’ धडाक्यात खपलं. माणसं आणि कुत्री, दोघांसाठीही हीच जोडी विकली जाऊ लागली.

मी जगले ते त्यानंतरचं दशक. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग घरोघरी पोचला आणि पुण्याच्या फ्लॅटांत पिल्लांची रीघ लागली. आमची राणी लॅब्रॅडोर. ज्याने ती विकली त्याने तिच्या आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे कधी काढलाच नव्हता. विचारलं तर म्हणाला, “पेपर्स आहेत ना, मग काय?” हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, वंशातून येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर्षाची व्हायच्या आतच राणी मागच्या पायांनी सशासारखी उड्या मारत जिना चढू लागली. तो राग अजून गेलेला नाही.

डॉक्टरांनी तिला आधी अंगणात चालवून पाहिलं, मग काट्यावर उभं केलं, मग बरगड्यांवरून हात फिरवला. “बरगड्या हाताला लागल्याच पाहिजेत,” ते प्रत्येकाला बजावत. त्यामागे पुरावा होता. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून झालेला, जन्मभर चाललेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्यावर संधिवाताचे उपचार सुमारे तीन वर्षं उशिरा सुरू करावे लागले. एवढा गुण कुठल्याही डब्याने दाखवलेला नाही.

राणीची बिस्किटं बंद झाली, गुळगुळीत टाइल्सवर सतरंज्या आल्या, रोज सपाट रस्त्यावर बेताचं चालणं सुरू झालं. दुखणं वाढलं की रक्त तपासून मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांना सक्त मनाई. राणी म्हातारी होईपर्यंत आपल्या पायांनी हिंडली.

त्याच काळात भुकटीचे दावे एकेक करून ढासळत होते. २००३ मध्ये ७१ कुत्र्यांवरच्या चाचणीत कार्प्रोफेन आणि मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकांनी चाल सुधारली, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनने नाही. २००६ मध्ये १,५८३ माणसांवरच्या मोठ्या चाचणीतही एकंदरीत ही जोडी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. २०२२ मध्ये कुत्र्या-मांजरांवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. त्यात माशांच्या तेलातल्या ओमेगा-३च्या बाजूने चांगला पुरावा मिळाला, या जोडीच्या बाजूने नाही. तरी भिंतीवर सगळ्यात जास्त जागा तिलाच.

माझी तक्रार डब्यात पैसे गेले एवढ्यापुरती नाही. लंगडणारं कुत्रं घेऊन माणूस दुकानात येतो, डबा घेऊन जातो आणि त्याच्या मनाचं समाधान होतं. कुत्र्याचं वजन तेच राहतं, दुखणं तेच राहतं, तपासणी मात्र लांबते. कुत्रं केकाटत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असं आपण सोयीने धरून चालतो.

माशांचं तेल द्यायचं तर डॉक्टरांना मात्रा विचारून द्या. पण पिल्लू घेताना आईबापांचे एक्स-रे मागा, नसतील तर उठून या. आणि ज्या दवाखान्यात काटा नाही, तिथे तो ठेवायला लावा. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या सांध्यांवर खरा उपकार तिथून सुरू होतो.