पू निघाला, पण खूर अजून बरा व्हायचाय

आदल्या संध्याकाळपर्यंत नीट चालणारा घोडा सकाळी एक पाय जमिनीला टेकवायलाच तयार होत नाही, तेव्हा मालकाला पहिली भीती वाटते ती हाड मोडल्याची. पण बऱ्याचदा खुराच्या आत पू झालेला असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत हे दुखणं जास्त दिसतं. चिखलात भिजून तळवा मऊ पडतो, मग खडे सहज टोचतात. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, त्यामुळे पर्यटकांची ने-आण आणि सामानाची वाहतूक फार मोठ्या प्रमाणात घोड्यांवर चालते. तिथे एक खूर दुखावला की एका घराची मिळकत थांबते. म्हणूनच घोड्याला कामावर परत आणायची घाई होते, आणि बहुतेक गैरसमज या घाईतूनच येतात.

खुराच्या बाहेरच्या भिंतीत रक्तवाहिन्या नसतात आणि तिला संवेदनाही नसते. तिच्या आत मात्र हाडाला धरून असलेला अतिशय नाजूक, जिवंत थर असतो. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे पांढरट रेघ दिसते. तिथून, तळव्याच्या भेगेतून किंवा नालेचा खिळा आत सरकल्याने जंतू शिरतात आणि पू साचतो. कठीण कवच फुगू शकत नाही, त्यामुळे सगळा दाब आतल्या थरावर येतो. दारात चेमटलेल्या बोटाच्या नखाखाली रक्त साकळल्यावर जो ठणका लागतो, तोच इथे चारेकशे किलोच्या वजनाखाली लागतो. पशुवैद्य किंवा त्यांच्या सल्ल्याने अनुभवी नालबंद पुवाला वाट करून देतो, काळपट, घाण वासाचा पू बाहेर येतो आणि घोडा एक-दोन दिवसांत पाय टेकू लागतो.

‘लंगडणं थांबलं, म्हणजे घोडा बरा झाला’

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. वेदना दाबाची होती, दाब गेला म्हणून ती थांबली. आतली पोकळी तशीच आहे आणि तिच्या तळाशी जिवंत थर उघडा आहे. त्याच दिवशी घोडा चिखलात किंवा लिदीत उभा राहिला तर त्याच वाटेने घाण आत जाते, तोंड बुजतं आणि पुन्हा पू धरतो. पट्टी कधी थांबवायची हे घोड्याच्या चालीवरून ठरवू नका, भोकाकडे पाहून ठरवा. स्राव पूर्ण थांबला पाहिजे आणि भोकाचा तळ कोरडा, टणक झाला पाहिजे. साध्या दुखण्यात याला काही दिवस ते दोनेक आठवडे लागतात, खोल असेल तर त्याहून जास्त.

पट्टी रोज बदलावी. बदलताना आधी जुन्या कापसाचा वास घ्यावा आणि डाग पाहावा. पू कमी होतोय की वाढतोय हे तिथेच कळतं. भोकावर पोविडोन आयोडीन लावलेली जाळीची पट्टी, तिच्यावर कापसाचा जाड थर, त्यावर लहान मुलाचा डायपर आणि सगळ्यावरून रुंद चिकटपट्टीचे आडवे-उभे थर, एवढं पुरतं. चिकटपट्टी केसांच्या कडेवर घट्ट आवळू नये. खुराची नवी वाढ तिथूनच होते आणि आवळल्याने रक्तपुरवठा अडतो.

‘जितकं शेकाल तितकं चांगलं’

कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवणं किंवा पोटीस बांधणं सुरुवातीचे दोन-तीन दिवस उपयोगी असतं. तळवा मऊ होतो आणि पू सुटतो. पाणी आपल्या हाताला सोसेल इतकंच गरम असावं. पुढेही तेच चालू ठेवलं तर खूर भिजून कमकुवत होतो आणि पांढरी रेघ सैल पडून नव्या जंतूंना वाट मिळते. पू थांबला की शेक थांबवावा आणि कोरडी पट्टी सुरू करावी. घोड्याची जागाही कोरडी हवी. पावसात गळणाऱ्या तबेल्यात सर्वांत भारी औषधसुद्धा वाया जातं.

भोक मोठं केलं की पू लवकर सरतो, असंही मानलं जातं. पू वाहील एवढं लहान भोक पुरेसं असतं. तळवा जास्त कोरला तर आतला मऊ थर भोकातून बाहेर येतो आणि जे दुखणं आठवड्यात आटोपलं असतं ते महिनाभर रेंगाळतं.

भोकात मोरचूद भरणं, फॉर्मॅलिन ओतणं, गरम तेलाचा चटका देणं हे प्रकार मात्र पूर्ण थांबले पाहिजेत. त्यांनी जंतूंबरोबर जिवंत पेशीही जळतात, जखम भरायला उशीर होतो, आणि मुक्या जनावराला होणारी ती वेदना निव्वळ अनावश्यक असते.

‘एक अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं की झालं’

बंद पोकळीतल्या पुवापर्यंत औषध नीट पोहोचत नाही. तिथे खरा उपचार म्हणजे वाट करून देणं. नीट वाहणाऱ्या साध्या दुखण्यात अँटिबायोटिकची बहुधा गरज पडत नाही. संसर्ग हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत गेला, ताप आला, पाय वरपर्यंत सुजला, तर मात्र ते लागतं, आणि ते पशुवैद्यानेच ठरवायचं. वेदनाशामक द्यायला हरकत नाही, पण त्याच्या जोरावर नीट चालणाऱ्या घोड्याला बरा समजून खोगीर चढवू नये.

खरं इंजेक्शन ज्याचं हवं, त्याचा अनेकदा विसर पडतो. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीतच असतात, हवा न लागणाऱ्या खोल, अरुंद जखमेत ते वाढतात आणि घोडा या रोगाला पाळीव जनावरांमध्ये सर्वाधिक बळी पडणाऱ्यांपैकी आहे. खुरातलं भोक त्यांच्यासाठी आयती जागा असते. धनुर्वात झालेले बरेच घोडे वाचत नाहीत, लस मात्र स्वस्त आणि खात्रीची आहे. सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. जखम झाली आणि शेवटच्या डोसला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल, तर पुन्हा एक डोस देतात. कधीच लस न दिलेल्या घोड्याच्या बाबतीत त्याच दिवशी पशुवैद्याला तसं स्पष्ट सांगावं. तळव्यात खिळा रुतलेला सापडला तर तो घाईने उपटू नये. तो अजून आत जाणार नाही अशी सोय करून पशुवैद्याला बोलवावं. खिळा जागेवर असताना एक्स-रे काढला तर तो हाडापर्यंत पोहोचला का हे कळतं. उपटल्यावर वाट मिटते आणि अंदाजच उरतो.

‘खुरावर आडवी चीर आली, म्हणजे घोडा बाद’

खाली वाट न मिळालेला पू कधीकधी भिंतीच्या आतून वर चढतो आणि केसांच्या कडेशी फुटतो. तिथे आडवी चीर राहते. ती जोडली जात नाही, खूर वाढतो तशी खाली सरकते. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुढच्या बाजूची चीर जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. टाचेकडची लवकर येते. तोवर नालबंदाने त्या जागी खिळा मारू नये, आणि चीर खाली आली की कडेचा तुकडा निघेल हे धरूनच खूर कापावा. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखताना अशी एकच जुनी, कोरडी चीर दिसली तर घाबरायचं कारण नाही. तिच्यावरची नवी भिंत घट्ट आणि गुळगुळीत आहे का, ते पाहावं.

एकाच खुरात पुन्हा पुन्हा पू होत असेल तर मात्र ‘याचा खूरच तसला’ म्हणून सोडून देऊ नये. खुराच्या आतली जुनी सूज, हाडाचा सुटलेला तुकडा, भिंतीच्या आतली गाठ किंवा म्हाताऱ्या घोड्यातला हार्मोनचा आजार, यांपैकी काहीही मागे असू शकतं आणि त्यासाठी एक्स-रे आणि रक्ततपासणी लागते. या काळात दुसऱ्या पायावरही लक्ष हवं. दुखरा पाय उचलून घोडा बरेच दिवस उभा राहिला तर सगळा भार दुसऱ्या बाजूच्या चांगल्या पायावर येतो आणि त्या खुरातला नाजूक थर सुजून भिंतीपासून सुटू लागतो. म्हणून वाट करून दिल्यानंतर दोन दिवसांत घोडा पाय टेकत नसेल, चांगला खूर गरम लागत असेल किंवा त्याच्या वरच्या बाजूची नाडी जोरात उडत असेल, तर थांबू नका, पशुवैद्याला त्याच दिवशी परत बोलवा.