काय हा अवतार!

शाळेतून विस्कटलेल्या वेण्या आणि शाईचे हात घेऊन घरी आले की दारातच आईचे शब्द कानांवर पडत, "काय हा अवतार!" दहा अवतार देवाचे आणि अकरावा आमचा! पुढे हा शब्द समुद्र ओलांडून गेला. अमेरिकेतल्या लुकासफिल्म कंपनीच्या 'हॅबिटॅट' या संगणकी खेळात १९८० च्या दशकात पडद्यावर आपल्या वतीने वावरणाऱ्या बाहुलीला 'अवतार' म्हणू लागले. आता या मायासृष्टीत शिरायचे तर प्रत्येकाला एक अवतार घ्यावाच लागतो.

माझी लेक यंदा कॉलेजात गेली. संध्याकाळी डोळ्यांवर एक जाड यंत्र चढवून ती अशाच एका जगात जाते. तिला जे दिसते ते आमच्या टीव्हीवरही दिसते. तिथेही आरसे असतात बरे का! गेल्या श्रावणात त्या आरशात मी पाहिले, तर लांब केसांच्या मुलीच्या जागी रुंद खांद्यांचा, दाढीवाला बाप्या उभा!

"अगं, हे काय सोंग?"

"आई, मुलगी असले की नीट खेळू देत नाहीत."

हळूहळू एकेक निघाले. चारपाच जण भोवती जमतात, वाट अडवतात, नको तिथे हात नेतात, कानाशी घाण बोलतात.

"मग बंद कर ना ते यंत्र!" मी म्हणून गेले.

"मी का बंद करू?" ती म्हणाली, आणि मी निरुत्तर झाले. तिच्याच वयाची असताना मी बसने कॉलेजला जात असे. गर्दीतल्या एका माणसाचा उपद्रव आईच्या कानावर घातला, तेव्हा तिने मला एक सेफ्टी पिन दिली आणि म्हणाली, "ती बस सोडून दे, पुढची घे." वर्षभर माझा पहिला तास बुडाला. तो माणूस मात्र वेळेवर पोचत असणार.

तरीही मनात येई, इथे अंगाला तर कुणी शिवत नाही! आमच्या घरातल्या पुरुषमंडळींचेही हेच म्हणणे. माझे मत फिरले ते एका जुन्या प्रकरणामुळे. मी भाषेची अध्यापिका, आणि त्या प्रकरणात चित्र नव्हतेच. होते ते नुसते शब्द. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० साली 'लॅम्डामू' नावाचे जग उभारले. जग कसले, एक मोठा वाडाच, आणि तोही सगळा लिहिलेला. माणसे टोपणनावाने तिथे यायची, दिवाणखान्यात जमून गप्पा टंकायची. १९९३ साली तिथे 'मिस्टर बंगल' हे नाव घेतलेला कुणी आला. त्याच्यापाशी एक आज्ञावली होती. तिला म्हणत वूडू बाहुली. आपल्याकडची करणीची बाहुलीच म्हणा ना! तिच्या जोरावर तो दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावे वाटेल ती वाक्ये उमटवू शके. भर दिवाणखान्यात, सर्वांदेखत, त्याने त्या पात्रांच्या नावे किळसवाणी लैंगिक कृत्ये लिहिली. त्यांतले एक पात्र सिअॅटलमधल्या एका बाईचे होते. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये हे सारे मांडले. घडल्या प्रकाराचा निषेध लिहिताना आपल्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या, असे त्या बाईने त्यांना सांगितले होते. अंग तिचे नव्हते हे खरे. पण नाव तिचे होते, आणि ज्या तोंडाने ती रोज चार लोकांत बोले ते तोंडच कुणी बळकावले होते. रहिवाशांनी सभा घेऊन खूप वाद घातला, निकाल काही होईना. अखेर तिथल्या एका व्यवस्थापकाने, त्यांना तिथे 'जादूगार' म्हणत, ते पात्र पुसून टाकले.

पुढे चित्रे आली, आवाज आले. २०१६ साली एक अमेरिकन बाई 'क्विव्हर' हा धनुष्यबाणाचा खेळ खेळत होती. त्यात सारे योद्धे दिसायला एकसारखे. ही बाई आहे हे केवळ आवाजावरून कळले, आणि तेवढ्यावर एक तरंगता हात तिच्या छातीकडे आला. तिचे लेखन वाचून खेळ रचणाऱ्यांनी हातांची एक खूण ठरवून दिली. ती केली की जवळ आलेला खेळाडू दिसेनासा व्हावा. मेटा कंपनीच्या 'होरायझन वर्ल्ड्स'मध्येही तक्रारी झाल्या, तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन अवतारांत सुमारे चार फुटांचे अंतर आपोआप राखण्याची सोय झाली.

सोयीला मी नावे ठेवीत नाही. पण ते चार फूट वाचले आणि मला बसमध्ये छातीशी घट्ट धरलेली माझी पुस्तकांची पिशवी आठवली. अंतर मीही राखीतच होते की! माझी लेक त्याच्याही पुढे गेली. दाढीवाल्याची वाट कुणी अडवत नाही, हे खरे. मात्र ते टोळके आता तिला आपल्यातलाच समजते. मुलींविषयी ही मुले आपसांत काय बोलतात, तेही तिला ऐकावे लागते. ते तिने मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

गणपती गेल्यावर एका रविवारी मी म्हटले, "मलाही ने तिकडे." तिने हौसेने मला अवतार करून दिला: साडी काही सापडली नाही, पण अंबाडा सापडला, चष्माही सापडला. यंत्र डोळ्यांवर चढवता चढवता ती म्हणाली, "आई, आवाज बंद ठेवलाय हं तुझा. तोंड उघडलेस की कळतं."

"चालू कुठून करायचा," मी विचारले, "तेवढे दाखव."