उत्तरमेरूर

तमिळनाडू राज्याच्या कांचीपुरम् जिल्ह्यातील एक प्राचीन कृषिप्रधान गाव व तालुक्याचे ठिकाण. चेन्नईच्या नैर्ऋत्येस सु. ९० किमी. वर ते वसले असून पूर्वी त्याचा समावेश चिंगलपुट जिल्ह्यात होत असे. सध्या येथे नगर पंचायत आहे. चोलकालीन ग्रामसभेचे नियम येथील शिलालेखांत तपशीलवार कोरलेले असल्याने भारतीय ग्रामसंस्थांच्या इतिहासात या गावाला विशेष महत्त्व आहे.

पल्लव राजा दुसरा नंदिवर्मन् याच्या काळात, आठव्या शतकाच्या मध्यास, ब्राह्मणांना दिलेले दानग्राम (ब्रह्मदेय) म्हणून हे गाव वसविण्यात आले. ‘उत्तरमेरूर चतुर्वेदिमंगलम्’ हे त्याचे जुने नाव. पल्लवांपासून विजयानगरपर्यंतच्या राजवटींतील दोनशेहून अधिक शिलालेख येथे आढळतात. वैकुंठपेरुमाळ, सुंदरवरदपेरुमाळ व कैलासनाथ ही येथील प्रमुख मंदिरे होत. यांपैकी सुंदरवरदपेरुमाळ मंदिर तीन मजली असून त्यात विष्णूच्या उभ्या, बैठ्या व शयनस्थ मूर्ती आहेत.

शेती व तलाव : या भागात पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. हे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवून मोऱ्या व पाट यांच्या द्वारे भातशेतीला पुरविणे, ही येथील शेतीची परंपरागत पद्धती होय. अशा तलावास तमिळमध्ये ‘एरि’ म्हणतात. येथील मोठ्या तलावाला पल्लव राजा दंतिवर्मन् याच्या बिरुदावरून ‘वैरमेघ तटाक’ हे नाव पडले. प्रवाहाबरोबर येणारा गाळ वेळोवेळी काढला नाही, तर तलावातील साठा घटतो व बांधापासून दूरची शेते कोरडी राहतात. यामुळे गाळ काढण्यासाठी सुवर्णदाने देण्याची प्रथा होती. या दानांच्या विनियोगाची जबाबदारी सभेकडे असे.

ग्रामसभा : पहिला परांतक या चोल राजाच्या कारकीर्दीत इ. स. ९१९ व ९२१ मध्ये, राजाच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत, सभेने समित्यांच्या निवडीचे नियम ठरविले. ते वैकुंठपेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर कोरलेले आहेत. गावाचे तीस विभाग (कुडुंबु) होते. उमेदवाराची किमान पाव वेली करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरील घर व वेदाध्ययन या अटी असत. ९२१ च्या लेखात वयोमर्यादा ३५ ते ७० वर्षे अशी आहे. एक वेद व एका भाष्याचे ज्ञान असणाऱ्यास एक अष्टमांश वेली जमीन पुरेशी मानली जाई. मागील तीन वर्षांत समितीवर असलेल्यांना पुन्हा संधी नसे. पूर्वी समितीवर असताना ज्यांनी हिशेब सादर केला नाही, ते स्वतः व त्यांचे जवळचे नातलगही अपात्र ठरत. परधन लुबाडणाऱ्यांस, तसेच शिक्षा म्हणून गाढवावर बसविले गेलेल्यांसही मज्जाव होता.

पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रावर लिहून विभागवार जुड्या एका घटात टाकीत. आतील मजकुराची कल्पना नसलेल्या लहान मुलाकडून चिठ्ठी काढवीत व ती सर्वांसमक्ष वाचून दाखवीत. ही पद्धती ‘कुडवोलै’ या नावाने ओळखली जाते. निवडलेल्या तीस जणांपैकी बारा वार्षिक समितीवर, बारा उद्यान समितीवर व सहा तलाव समितीवर (एरि वारियम्) नेमले जात. मुदत ३६० दिवसांची असे. अपराध सिद्ध झाल्यास सदस्यास तत्काळ दूर करीत.

मर्यादा : ही सभा भूधारक ब्राह्मण पुरुषांपुरती होती. प्रत्यक्ष नांगरणी, लावणी व कापणी करणाऱ्यांची नावे त्या घटात कधीच पडत नसत. कष्टकरी व भूधारक यांतील हा भेद पुढे दीर्घकाळ टिकला. चिंगलपुट जिल्ह्यातील मिरासदारांकडे राबणाऱ्या परैयर शेतमजुरांच्या हलाखीवर कलेक्टर ट्रेमनहिअर याने १८९१ मध्ये अहवाल सादर केला. तदनंतर १८९२ मध्ये मद्रास सरकारने दलित जातींना जमिनी देण्याची योजना आखली; या जमिनी ‘पंचमी’ म्हणून ओळखल्या जातात.

आधुनिक काळ : संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय खेड्यांतील संकुचितपणावर कठोर टीका केली. त्याच महिन्यात टी. प्रकाशम् यांनी ग्रामपंचायतींच्या समर्थनार्थ उत्तरमेरूरच्या लेखांचा दाखला दिला. ग्रामपंचायती स्थापण्याचे निदेशक तत्त्व संविधानाच्या चाळिसाव्या अनुच्छेदात समाविष्ट झाले. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांत स्त्रिया, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या. चोलकालीन नियमांनी वगळलेल्या वर्गांना त्यामुळे प्रवेश मिळाला. हिशेब, अल्प मुदत व फेरनिवडीवरील बंधन यांविषयी सभेने दाखविलेली दक्षता मात्र आजही अनुकरणीय आहे. विहिरी व विद्युत्‌पंप यांचा प्रसार झाल्यापासून तमिळनाडूत तलावांवरील सिंचन घटले आहे. त्यामुळे गाळाचा जुना प्रश्न आणि त्यासाठी लागणारी सामुदायिक व्यवस्था यांचे महत्त्व कायम आहे.