खरा रंग दिला, तरी विमान खरं का दिसत नाही?

१४ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी श्रीनगरच्या हवाई तळावर हल्ला केला. त्या माऱ्यातच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों आपलं नॅट विमान घेऊन झेपावले. हवाई दलातलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. हे उड्डाण डायोरामात, म्हणजे छोट्या मॉडेलच्या देखाव्यात, उभं करायचं, तर काही गैरसमज आधीच काढून टाकलेले बरे.

पहिला किटचा. ‘नॅट म्हणजे नॅट, कुठलंही चालेल’ असं नाही. ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकाचं नॅट दोन आसनांचं, प्रशिक्षणाचं. त्याचे पंख आणि धड दोन्ही मोठे. सेखोंचं नॅट एकआसनी लढाऊ विमान होतं.

सुपरग्लूने सगळं चिकटतं, हेही अर्धंच खरं. त्याच्या वाफेने कॅनोपीवर, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या पारदर्शक झाकणावर, पांढुरका थर धरतो आणि तो सहजी निघत नाही. कॅनोपीला साधं फेविकॉल लावावं. वाळल्यावर ते दिसत नाही.

सर्वांत चिवट समज रंगाचा: मूळ विमानाची छटा हुबेहूब मिळवली की काम झालं. १:७२ प्रमाणातलं मॉडेल आपण ३० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे खरं विमान सुमारे साडेएकवीस मीटरवरून पाहिल्यासारखं. तेवढ्या अंतरावर रंग थोडे फिके वाटतात. म्हणून अस्सल छटा छोट्या मॉडेलवर गडद आणि जड वाटते. तिच्यात थोडा पांढरा किंवा फिका राखाडी मिसळावा.

युद्धातलं विमान मॅटच हवं, म्हणून ग्लॉस टाळणारेही बरेच. पण मॅट पृष्ठभाग खरबरीत असतो. त्यावर डिकल, म्हणजे फिल्मवर छापलेलं चिन्ह, लावलं की खाली हवा अडकते आणि कडेची पारदर्शक फिल्म चंदेरी चमकते. केशरी-पांढरा-हिरवा गोल मग स्टिकरसारखा दिसतो. आधी ग्लॉस, मग डिकल आणि शेवटी मॅट, हाच क्रम ठेवावा.

आता जमीन. इथे मेहनतीने केलेली विमानंही फसतात. ‘खरी वाळू पसरली की जमीन खरी’ हा हिशोबच चुकतो: एक मिलिमीटरचा कण १:७२ मध्ये सव्वासात सेंटिमीटरचा धोंडा होतो. धावपट्टीवर असे धोंडे असते तर एकही जेट उडालं नसतं. वाळू नकोच, बारीक वस्त्रगाळ पूड वापरावी. काश्मीर म्हटलं की हात हिरव्या गवताकडे आणि लालभडक चिनाराकडे जातो. पण डिसेंबरच्या मध्याला चिनार निष्पर्ण असतात, गवत वाळून तपकिरी झालेलं असतं. पावणेदोन मीटरचा माणूस इथे जेमतेम २.४ सेंटिमीटरचा. त्याच्या गुडघ्यापर्यंत पोचणारं गवत धावपट्टीच्या कडेला लावलं, तर पाहणाऱ्याची नजर तिथेच अडते.

रंगाची बाटली उघडण्यापूर्वी त्या वर्षाची, त्या ऋतूची छायाचित्रं शोधा आणि हाताशी एक पट्टी ठेवा.